एकशेवीस रुपयांचा चिला

मोतीबिंदू काढून बाबा माझ्याकडे राहायला आले,
डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
आणि उजव्यानं आधी टाकीच पाहिली.
दोन फुटांची काच, मानेवाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत मुद्दाम ठेवलेली.
"झिंगे," म्हणाले. मग काचेला नाक लावून,
"येवढेसे? चटनीलेबी पुरनार नाईत."

मी मेडिकलात रक्त तपासते, बहुतेक रात्रपाळी.
घरी येऊन पाणी तपासते.
थेंब मोजायचे, नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं.
पिवळं आलं तर जेवायचं,
हिरवं आलं तर आधी पाणी बदलायचं.
पेंचचं पाणी बादलीत दिवसभर ठेवायचं, औषधाचा वास उडेपर्यंत.
फ्रीजरमध्ये कोथिंबिरीला जागा नाही,
तिथं बर्फाच्या सहा बाटल्या;
आळीपाळीनं टाकीत तरंगतात अख्खा मे.
बाहेर सेहेचाळीस असताना आत एकोणतीस ठेवायचं म्हणजे
नोकरीच ती.
बत्तीसच्या वर झिंगा भांडत बसत नाही,
आडवा होतो, गुलाबी पडतो,
कुणी शिजवल्यासारखा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं
आणि कोपऱ्यातल्या झुपक्याकडे बोट केलं. "अन् हा?"
बर्डीवरून आणला होता,
बुडाला शिशाची पट्टी गुंडाळलेला. एकशेवीस रुपये.
"हा तं चिला हाय."
हसले असते तर बरं झालं असतं.
"आपल्या तलावात पायाले गुंडाये. जाळ्यातून काढता काढता
तुही माय शिव्या दे त्याले.
ह्याचे पैसे देल्ले तुनं?"
थोड्या वेळानं, पंख्याकडे पाहत:
"आता नाई रायला म्हना. बेशरम वाढली सारी.
चिला गेला तं मासोई अंडे कुठं देईन?"

शुक्रवारी रात्री वीज गेली ती साडेपाचला आली.
मी पळत जिना चढले, मनात आकडा धरून:
दीडशे झिंगे, अकरा गप्पी.
बाबा स्टुलावर. हातात तांब्या. फरशीभर पाणी.
तांब्या बुडवायचा, हातभर वरून धार सोडायची,
पुन्हा बुडवायचा.
"वरतं येऊन तोंड मारत व्हते. मासोई वरतं आली
म्हंजे पान्यात दम नाई."
किती वेळ हे चाललंय विचारलं, तर म्हणे कोंबडा नाई ना तुमच्या इथं.
वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.
मी चिडले, मग चहा ठेवला,
मग बॅटरी घेऊन काचेशी बसले.

पोटाशी अंडी धरलेली एक मादी होती;
पंधरा दिवस बघत होते तिला,
पोटाखालच्या पायांनी अंड्यांना वारा घालताना.
आता पोट रिकामं.
आणि चिल्याच्या पानांवर पापणीच्या केसाएवढं काहीतरी,
आरपार दिसणारं. सतरा मोजले, मग चुकले.
बाबांना दाखवलं.
"कचरा हाय," ते म्हणाले.
मग कचऱ्यानं उडी मारली.
बाबा काही बोलले नाहीत, पण चहा निवला त्यांचा.

जाताना अर्धा झुपका मागितला.
मी एकेक काडी पांढऱ्या परातीत झटकली, तीनदा धुतली;
माझा एकही लाल पाय त्या तलावात जायला नको.
गणेशपेठच्या स्टँडवर, काळा चष्मा,
मांडीवर पाण्याची पिशवी.
कंडक्टरनं विचारलं, आजोबा, भाजी का?
"बियानं," म्हणाले, आणि साकोलीचं तिकीट काढलं.

जूनमध्ये फोन आला.
दोन काड्या लागल्या म्हणे. बाकीच्या म्हशीनं खाल्ल्या.
"कितीचा व्हता थो?"
"एकशेवीस."
"सांगतो म्हशीले."